लोहखनिज आणि निकेल प्रकल्प: नवं तंत्रज्ञान घेण्याआधी कामं कोणत्या क्रमाने करायची

बडोद्यात रिॲक्टर, ड्रायर, फिल्टर बनवणाऱ्यांची आणि प्लांट डिझाइन करणाऱ्यांची कमी नाही. त्यातले काहीजण आता खनिज प्रकल्पांत हात घालतायत. कोणी ओडिशातल्या लीजधारकाबरोबर भागीदारी करतो, कोणी नवी प्रक्रिया विकणाऱ्या परदेशी कंपनीचा इथला जोडीदार होतो. यांचं इंजिनिअरिंग पक्कं असतं. चुकतो तो क्रम. आधी फ्लोशीट (प्रक्रियेचा आराखडा), मग मशिनरीची कोटेशन्स, मग बँकेत फेऱ्या, आणि सगळ्यात शेवटी, "जरा खनिजाचा नमुना पाठवा बरं टेस्टिंगला."

याचं कारण सवयीत आहे. केमिकलवाल्याला कच्चा माल स्पेसिफिकेशनवर मिळतो. ड्रमवर ९८ टक्के लिहिलं म्हणजे आत ९८ टक्के, नाही निघालं तर ड्रम परत. खाणीतला माल कुणाला परत करणार? आठ-दहा मीटरवर त्याचा रंग, ओल, चिकटपणा, सगळं बदलतं. म्हणून खालचा क्रम खनिजापासून सुरू होतो आणि मशीनपर्यंत बऱ्याच उशिरा पोचतो. लोह आणि निकेल दोन्हींचं एकत्र सांगतोय. वाटा फुटतात तिथे वेगळं सांगेन.

टप्पा १: कागद आणि गिऱ्हाईक

हे थोडक्यात, कारण वकील आणि सल्लागार यात मदत करतात. तरी दोन गोष्टी स्वतः बघा.

पहिली, खनिजावर हक्क कुणाचा. १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्यात २०१५ साली बदल झाला, तेव्हापासून मोठ्या खनिजांची नवी लीज लिलावातूनच मिळते. २०२३ च्या दुरुस्तीत निकेल 'क्रिटिकल आणि स्ट्रॅटेजिक' खनिजांच्या यादीत गेलं आणि त्या ब्लॉकचे लिलाव केंद्र सरकारकडे आले. भागीदार "आपलीच खाण आहे" म्हणाला, तर लीजच्या कागदावर कोणतं खनिज लिहिलंय ते वाचा. क्रोमाइटच्या लीजमधल्या ओव्हरबर्डनमध्ये (खनिजावरच्या, काढून टाकायच्या थरात) निकेल असणं वेगळं आणि ते निकेल काढून विकण्याचा हक्क असणं वेगळं.

दुसरी, माल घेणार कोण आणि कोणत्या अटींवर. लोहखनिजात नुसतं लोहाच्या टक्केवारीवर सौदा होत नाही. सिलिका, ॲल्युमिना, फॉस्फरस, एलओआय (तापवल्यावर घटणारं वजन) आणि दाण्याचा आकार, हे सगळं लागतं. डीआरआय (स्पंज आयर्न) भट्टीसाठीच्या पेलेटला (भुकटीच्या भाजलेल्या गोळ्यांना) साधारण ६७ टक्के लोह लागतं आणि सिलिका-ॲल्युमिना मिळून तीनच्या आत ठेवावी लागतात. ब्लास्ट फर्नेसवाला त्याहून बराच हलका माल घेतो. निकेलमध्ये तुम्ही मिक्स्ड हायड्रॉक्साइड (अर्धवट शुद्ध केलेला निकेलचा साका) विकणार, निकेल सल्फेट विकणार की फेरोनिकेल, यावर अख्खा प्लांट बदलतो. हायड्रॉक्साइडला लंडनच्या बाजारभावाचा पूर्ण पैसा मिळत नाही, त्याचा काही हिस्साच मिळतो. हिशेबात पूर्ण भाव धरलेला प्रकल्प अहवाल दिसला तर तिथेच लाल पेन काढा.

> तपासा: खरेदीदाराकडून अटींचा लेखी कागद आलाय का? "टाटा-जिंदाल कुणीही घेईल" हे उत्तर धरू नका.

टप्पा २: नमुना

सर्वांत जास्त पैसा इथे बुडतो, आणि बुडतोय हे दोन-तीन वर्षांनी कळतं.

बडोद्याच्या मकरपुऱ्यातले एक वर्कशॉपवाले माझ्याकडे प्लास्टिकची पिशवी घेऊन आले होते. "काका, ६४ टक्के आलंय, लॅबचा रिपोर्ट आहे." पिशवीत मुठीएवढे सात-आठ तुकडे, निळसर काळे, जड, चक्क धुतलेले. तळाशी चिमूटभर माती नाही. खाणीतून ट्रक निघतो त्यात माती असते, भुगा असतो, ओल असते, मध्येच पांढऱ्या चिकणमातीचे गोळे असतात. वेचणाऱ्याची नजर चांगली होती, एवढंच त्या पिशवीवरून कळलं.

शितावरून भाताची परीक्षा करतात ती सगळा भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो म्हणून. खाणीत पातेली शेकडो असतात. तेव्हा नमुना घ्यायचा तो असा:

१. आधी भूगर्भतज्ज्ञाकडून खनिजाचे प्रकार वेगळे करून घ्या: कठीण हेमाटाइट, मऊ थराथरांचं, पिवळट गोथाइटी, भुकटी, लॅटराइटी. निकेल असेल तर वरचा लिमोनाइट, मधला बदलता थर आणि खालचा सॅप्रोलाइट. प्रत्येक प्रकार नकाशावर आणि खोलीनुसार दिसला पाहिजे.

२. प्रत्येक प्रकारातून ड्रिल कोअरचा नमुना. खड्ड्याच्या तोंडावरचा माल पावसाने धुतलेला असतो, त्यातली माती गेलेली असते. त्यावर भरवसा ठेवू नका.

३. वजन किती घ्यायचं हे सर्वांत मोठ्या तुकड्याच्या आकारावर ठरतं. तुकडा दुप्पट मोठा असेल तर तेवढ्याच खात्रीसाठी वजन आठपट लागतं. लोहखनिजासाठी आयएस १४०५ आणि आयएसओ ३०८२ ही मानकं आहेत, ती लॅबवाल्याला तोंडी विचारू नका, स्वतः उघडून वाचा.

४. ढिगाचा नमुना घेताना फावडं वरून मारू नका. मोठे तुकडे घरंगळून पायथ्याशी जातात, भुगा मध्ये राहतो. चालत्या कन्व्हेयरवरून पट्ट्याची पूर्ण रुंदी कापून घेतलेला नमुना सर्वांत भरवशाचा.

५. नमुना लहान करताना रिफल स्प्लिटर (नमुना समान वाटणारी खाचांची पेटी) वापरा. मजुराने दोन मुठी उचलून पाकिटात घातल्या की वरचं सगळं शिस्तीचं काम वाया.

६. लॅबला पाठवताना वीसेक नमुन्यांमागे एक प्रमाणित नमुना, एक कोरा आणि एक दुबार घाला. कुठला कोणता हे लॅबला सांगू नका. लॅब एनएबीएल मान्यताप्राप्त असली तरी हे करा, कोणी रागावत नाही.

> सावध: निकेल लॅटराइटमध्ये (झिजून मातकट झालेल्या निकेलच्या खनिजात) ओल ३० ते ४० टक्के सहज असते. १००० टन ओला माल, ओल ३५ टक्के, म्हणजे कोरडा ६५० टन. त्यात कोरड्यावर १.२ टक्के निकेल असेल तर धातू ७.८ टन. १२ टन नव्हे. 'टन' शब्दापुढे ओला की कोरडा हे न लिहिलेला प्रत्येक तक्ता परत पाठवा.

> सावध: थिकनर (गाळ निवळवणारी टाकी) आणि फिल्टरच्या चाचणीसाठी ठेवलेला लॅटराइट नमुना सुकवू नका. एकदा वाळलेली ती माती पुन्हा पाण्यात कालवली तरी पहिल्यासारखी वागत नाही, निवळण्याचे आकडे खोटे येतात. हवाबंद पिंपात, ओल टिकवून ठेवा.

टप्पा ३: खनिजशास्त्र, म्हणजे छत कुठे आहे

रासायनिक विश्लेषण सांगतं काय किती आहे. ते कशात अडकलंय हे सूक्ष्मदर्शक आणि एक्सआरडी (क्ष-किरणांनी खनिज ओळखण्याची चाचणी) सांगतात. ही पायरी गाळून थेट चाचण्यांकडे जाणारे पुष्कळ, कारण "वेळ नाहीये". इथे वाचवलेला महिना पुढे वर्षभराला भोवतो.

लोहखनिजापुरता एक हिशेब घरबसल्या करता येतो. शुद्ध हेमाटाइटमध्ये लोह ६९.९ टक्के, मॅग्नेटाइटमध्ये ७२.४, गोथाइटमध्ये ६२.९. गोथाइटमध्ये पाणी रचनेतच बांधलेलं असतं, साधारण १०.१ टक्के. ते कुठल्याही सेपरेटरने निघत नाही. आता तुमच्या कॉन्सन्ट्रेटचा (प्रक्रियेतून निघालेल्या समृद्ध मालाचा) एलओआय ६ टक्के आलाय आणि तो सगळा गोथाइटचा आहे असं धरा. म्हणजे सुमारे ५९ टक्के गोथाइट, उरलेलं हेमाटाइट. सिलिका, ॲल्युमिना अगदी शून्य धरली तरी लोह ६५.८ टक्क्यांच्या वर जाणार नाही. चिकणमातीतही बांधलेलं पाणी असतं, त्यामुळे हा हिशेब ढोबळच. पण विक्रेता त्याच खनिजातून ६७ चं आश्वासन देत असेल तर त्याला प्रश्न विचारण्यापुरता पुरतो.

त्याच जागी आणखी एक चलाखी चालते. ६० टक्के लोह आणि ६ टक्के एलओआय असलेला माल 'कॅल्साइन्ड बेसिस'वर ६३.८ दिसतो, कारण पाणी गेलं असं धरून भागाकार केलेला असतो. आकडा खोटा नाही, फक्त तुमच्या ट्रकमधल्या मालाचा नाही.

एक साधी खूण: बाथरूमच्या फरशीची पाठ, जिथे ग्लेझ नसतं, तिच्यावर तुकडा घासा. हेमाटाइटची रेघ लालसर येते, काळ्या दिसणाऱ्या तुकड्याचीसुद्धा. गोथाइटची पिवळट तपकिरी. यावरून प्लांट डिझाइन होत नाही, पण समोरच्याला खनिज कळतं की नाही हे दोन मिनिटांत समजतं.

निकेलमध्ये खनिजशास्त्र म्हणजे निम्मा निर्णय. निकेल सल्फाइड खनिजात, पेंटलँडाइटमध्ये असेल तर ते फ्लोटेशनने (फेसाबरोबर दाणे वर काढून) वर येतं आणि छोटासा, श्रीमंत कॉन्सन्ट्रेट मिळतो. लॅटराइटमध्ये तसं होत नाही. भारतातल्या निकेलचा साठा सुमारे १८९ दशलक्ष टन खनिजाचा सांगतात आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त ओडिशात आहे. सुकिंदा खोऱ्यात क्रोमाइटवरच्या ओव्हरबर्डनमध्ये निकेल साधारण ०.४ ते ०.९ टक्के, तेही गोथाइटच्या जाळीत लोहाच्या जागी शिरून बसलेलं. तिथे निकेलचा वेगळा दाणाच नाही. कितीही बारीक दळा, चुंबक लावा, स्पायरल लावा, वेगळं करायला काही सापडणार नाही. जाळी फोडावीच लागते, आम्लाने किंवा भट्टीत क्षपण करून (ऑक्सिजन काढून).

> तपासा: कुणी "आमच्या ड्राय सेपरेटरने लॅटराइटचं निकेल दुप्पट होतं" म्हणाला तर तीन आकडे मागा: कोणत्या आकाराचा दाणा, किती टक्के वजन बाहेर टाकलं, बाहेर टाकलेल्यात निकेल किती. सॅप्रोलाइटमधले कठीण, निकेल नसलेले गोटे चाळून काढल्याने थोडी वाढ खरंच होते. पण ते चाळणीचं काम आहे, नवं तंत्रज्ञान नाही.

टप्पा ४: लोहखनिजाच्या टेबलावरच्या चाचण्या

क्रम स्वस्तापासून महागाकडे. धुऊन चाळणं, मग गुरुत्वाचं जिगिंग आणि स्पायरल, मग चुंबकीय, मग फ्लोटेशन, आणि सर्वांत शेवटी भट्टी. नव्या तंत्रज्ञानाचा नंबर यात कुठे लागतो ते चाचणीने ठरवायचं. विक्रेत्याने पहिल्याच मीटिंगला ते मध्यभागी ठेवलेलं असतं.

आपल्याकडच्या हेमाटाइटचा खरा त्रास ॲल्युमिनाचा. ती चिकणमातीत असते तोवर धुण्याने जाते. गोथाइटच्या आत असेल तर जात नाही. त्यामुळे प्रत्येक आकारगटाचं वेगळं विश्लेषण करा: १० मिलिमीटरच्या वर, १० ते १, १ ते ०.१५, त्याखाली. ॲल्युमिना कुठे साठलीय ते तक्त्यात एका नजरेत दिसतं.

नव्या यंत्रांबद्दल माझी मतं, थोडी तिखट:

सेन्सर सॉर्टर (एक्स-रे किंवा लेझर) तुकड्या-तुकड्याला बघून हवेच्या झोताने उडवतो. तुकड्यातच चांगलं-वाईट मिसळलेलं असेल तर तो काय निवडणार? शिवाय तुकड्यावर चिखल असला की काही सेन्सरना चिखलच दिसतो.

उच्च तीव्रतेचे चुंबकीय सेपरेटर, विशेषतः पल्सेटिंग प्रकारचे, बारीक हेमाटाइटवर चांगलं काम करतात. मात्र दहा मायक्रॉनखालच्या स्लाइमवर फार अपेक्षा ठेवू नका.

उलट फ्लोटेशनमध्ये स्टार्चने लोह दाबून अमाइनने सिलिका वर काढतात, सामू दहाच्या आसपास. आधी स्लाइम काढला नाही तर तो निम्मं रसायन खातो. आणि एक गोष्ट बडोद्याच्या लॅबमध्ये हमखास चुकते. चाचणी आजव्याच्या गोड्या पाण्यावर होते, प्लांट मात्र खाणीच्या फिरत्या पाण्यावर चालतो, ज्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि जुनं रसायन साठत जातं. साइटचं पाणी कॅनमधून मागवा.

मॅग्नेटायझिंग रोस्टिंगने गरीब हेमाटाइटही साध्या चुंबकाला चिकटतं. आकडे बघून डोळे दिपतात. इंधनाचा खर्च टनामागे काढा, मग बोलू.

ड्राय प्रोसेसिंगचं तंत्र पाणी वाचवतं, टेलिंग्ज (उरलेला टाकाऊ माल) कोरडी पडतात, सगळं खरं. पण चाचणी मार्चमध्ये केलेली असते. जुलैत तोच माल चाळणीला पिठासारखा चिकटतो. मान्सूनमधला नमुना वेगळा घ्या, नाहीतर ड्रायरचा खर्च आधीच धरा.

आता सगळ्यात जास्त घोटाळा जिथे होतो तो हिशेब. यील्ड (फीडच्या, म्हणजे आत घातलेल्या मालाच्या, वजनातला किती हिस्सा कॉन्सन्ट्रेट झाला) आणि रिकव्हरी (फीडमधल्या लोहातला किती हिस्सा त्यात आला) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फीड ५४ टक्के लोह, कॉन्सन्ट्रेट ६३, टेलिंग्ज ३५ असतील तर

यील्ड = (५४ − ३५) ÷ (६३ − ३५) = ६७.९ टक्के

रिकव्हरी = ६७.९ × ६३ ÷ ५४ = ७९.२ टक्के

ब्रोशरमध्ये ७९ छापतात, तुमचे ट्रक भरणार ६८ च्या हिशेबाने. उरलेला ३२ टक्के माल टेलिंग्ज म्हणून तुमच्याच जागेत राहणार. शिवाय तिन्ही विश्लेषणं स्वतंत्र मोजलेली हवीत. टेलिंग्जचा आकडा वजाबाकीने काढलेला असेल तर चूक पकडायला जागाच उरत नाही.

टप्पा ५: निकेल लॅटराइटची वाट निवडणं

मुख्य वाटा तीन, आणि नवी बहुतेक तंत्रज्ञानं यांच्याच फांद्या.

लिमोनाइट, म्हणजे लोह भरपूर आणि मॅग्नेशियम कमी, यासाठी उच्च दाबाचं आम्ल लीचिंग (धातू आम्लात विरघळवून काढणं). ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या बंद भांड्यात) साधारण २४५ ते २७० अंश सेल्सियस, गंधकाम्ल. क्यूबातल्या मोआ बे इथे हे १९५९ पासून चाललंय. सॅप्रोलाइट, म्हणजे मॅग्नेशियम जास्त, यासाठी रोटरी किल्न आणि विजेची भट्टी. इंडोनेशियाने २०२० साली कच्च्या निकेल खनिजाची निर्यात बंद केली त्यानंतर तिथे या भट्ट्यांचा पूर आला. तिसरी कॅरॉन वाट: क्षपण करून अमोनियात विरघळवणं. इंधन खाते आणि कोबाल्ट बराचसा गमावते. ऑस्ट्रेलियातला याबुलूचा या पद्धतीचा कारखाना २०१६ मध्ये थांबला. सुकिंदाच्या मालावर ही वाट आणि जिवाणूंनी लीचिंग, दोन्हींवर भुवनेश्वरच्या आयएमएमटी या सरकारी खनिज संशोधन संस्थेत काम झालेलं आहे. तुम्ही नव्याने सुरू करण्याआधी तिथल्या लोकांशी बोलणं शहाणपणाचं.

आम्लाच्या वाटेवर सगळा जीव मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियममध्ये अडकलेला असतो, कारण आम्ल तेच खातात. टनामागे ३०० किलो आम्ल धरा. एक लाख टन कोरडं खनिज, १.२ टक्के निकेल, ९० टक्के रिकव्हरी, तर निकेल १,०८० टन. आम्ल ३०,००० टन. म्हणजे एक टन निकेलसाठी जवळजवळ २८ टन आम्ल, आणि तेवढं आम्ल बनवायला सुमारे १०,००० टन गंधक. सुकिंदाचा ०.६ टक्क्यांचा माल घेतलात आणि आम्ल तेवढंच लागलं तर हा आकडा दुप्पट.

बडोदेकराला हा आकडा भीती घालत नाही. आपल्याकडे कोयलीची रिफायनरी गंधक काढते, फर्टिलायझरनगरला आम्ल बनतं, टँकर हायवेवर रोज दिसतात. खाण जिथे असते तिथे यातलं काही नसतं. आम्ल की गंधक, कुठल्या बंदरातून, कुठल्या रस्त्याने, पावसाळ्यात साठा किती दिवसांचा, हे याच टप्प्यात लिहून काढा.

> सावध: "उरलेला गाळ लोहखनिज म्हणून स्टील प्लांटला विकू, वेस्ट शून्य." ऑटोक्लेव्हच्या गाळात लोह असतं खरं, पण गंधकही असतं, आणि न्यूट्रल करताना पडलेलं जिप्सम त्यात मिसळलं तर आणखी. खरेदीदाराचं लेखी उत्तर येईपर्यंत हे उत्पन्न शून्य धरा.

> सावध: सुकिंदासारख्या मालात क्रोमियम आहे. हवेत अल्कलीबरोबर भाजलंत तर त्याचं हेक्साव्हॅलंट रूप बनतं, आणि भूपृष्ठावरच्या पाण्यात सोडायच्या सांडपाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. प्रत्येक चाचणीच्या पाण्यात हे मोजून घ्या, शेवटी एकदाच नव्हे.

टप्पा ६: सगळ्या प्रकारांवर तीच चाचणी

आतापर्यंतची प्रक्रिया बहुधा एका मिश्र नमुन्यावर बसवलेली असते. आता टप्पा २ मध्ये वेगळे केलेले प्रकार एकेक करून तिच्यातून काढा. सरासरी नमुना चांगला चालतो आणि त्यातला एक प्रकार थिकनर तुंबवतो, हे नेहमीचं आहे. कोणता प्रकार कितव्या वर्षी खाणीतून येणार ते खाणीच्या वेळापत्रकाशी जुळवा. कर्जाचे हप्ते पहिल्या वर्षांत असतात, आणि वरचा, सर्वांत चिकट माल नेमका तेव्हाच येतो.

टप्पा ७: पाणी आणि टेलिंग्ज

२५ जानेवारी २०१९ ला ब्राझीलमधल्या ब्रुमादिन्योत लोहखनिजाच्या टेलिंग्जचा बंधारा फुटला, २७० माणसं गेली. त्यानंतर २०२० मध्ये टेलिंग्जचं जागतिक मानक आलं आणि परदेशी गुंतवणूकदार त्याबद्दल विचारतातच. टेलिंग्जची जागा प्लांटच्या नकाशात उरलेल्या कोपऱ्यात दाखवलेली असेल तर नकाशा उलटा करा: आधी ती जागा, मग प्लांट.

फिल्टर करून कोरडे थर रचायचे असतील तर फिल्टरची चाचणी सर्वांत चिकट प्रकारावर करा. केकमधली (फिल्टरवर उरलेल्या गाळाच्या थरातली) ओल दोन टक्के जास्त आली तरी थर दाबला जात नाही. पावसाळ्यात रचण्याचं काम किती दिवस बंद राहील, तोवर केक कुठे ठेवायचा, याचं उत्तर कागदावर हवं.

टप्पा ८: परवानग्या (टप्पा ४ पासून समांतर)

खाण आराखडा इंडियन ब्युरो ऑफ माइन्सकडे, पर्यावरण मंजुरी २००६ च्या अधिसूचनेखाली, जंगलाची जमीन असेल तर ती मंजुरी वेगळी, आणि राज्य प्रदूषण मंडळाची उभारणीची आणि चालवण्याची संमती. वर्षाला पाच लाख टन किंवा त्याहून जास्त फीडचा बेनिफिसिएशन (खनिज समृद्ध करण्याचा) प्लांट केंद्राच्या 'अ' गटात जातो.

इथे वेळ जातो तो दोन ठिकाणी. हवा-पाण्याची मूळ मोजणी पावसाळा सोडून एका ऋतूची लागते. मार्च हुकला की पाऊस संपेपर्यंत थांबा. आणि अर्जात लिहिलेली प्रक्रिया नंतर बदलली तर अहवालही बदलतो. म्हणून प्रक्रिया निदान टप्पा ४-५ ची झाल्याशिवाय अर्ज नको, आणि ती पूर्ण व्हायची वाट बघतही बसू नका. जनसुनावणीत लोक पाणी आणि ट्रकचे रस्ते याबद्दलच विचारतात. टप्पा ७ चे आकडे हातात असतील तर उत्तर देता येतं.

टप्पा ९: पायलट प्लांट

पायलट म्हणजे मोठी टेबल-चाचणी नव्हे. तो सलग चालला पाहिजे, फिरतं पाणी आणि फिरते प्रवाह बंद चक्रात घेऊन, रात्रीच्या पाळीसकट. टेबलावर न दिसणाऱ्या गोष्टी याच्यातच दिसतात. ऑटोक्लेव्हच्या भिंतीवर खपली धरते आणि ती काढायला प्लांट थांबवावा लागतो. एकेका बॅचच्या चाचणीत हे कळत नाही. फिरत्या पाण्यात क्लोराइड वाढतं आणि ३१६ स्टीलला बारीक भोकं पडू लागतात. म्हणून वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या टाकीत टांगून ठेवा आणि शेवटी वजन करा. मकरपुऱ्यातला कुठलाही फॅब्रिकेटर त्या कापून देईल.

धातुप्रक्रियेतले तज्ज्ञ टेरी मॅकनल्टी यांनी १९९८ मध्ये अनेक कारखान्यांच्या सुरुवातीच्या काळाची तुलना करून त्यांचे चार गट पाडले. मुरलेलं तंत्र आणि नीट केलेला पायलट असलेले लवकर क्षमतेला पोचले. खनिज अर्धवट ओळखलेलं, पायलट तोकडा, अशांचा गट तीन वर्षांनंतरही खूप मागे होता. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं रेव्हन्सथॉर्प (निकेलचा कारखाना) २००८ मध्ये सुरू झालं, दोन अब्ज डॉलरहून जास्त खर्चून, आणि जानेवारी २००९ मध्ये बंद केलं गेलं. त्यात निकेलचे पडलेले भावही होते. पण रडतखडत चालू होणाऱ्या प्लांटला भाव पडले की सावरायला वेळ मिळत नाही.

> तपासा: पायलटचा शेवटचा आठवडा कुणीही नळाला हात न लावता चालला का? नसेल तर प्रक्रिया ऑपरेटरच्या हातात आहे, फ्लोशीटमध्ये नाही.

टप्पा १०: करार आणि हमी

तंत्रज्ञान विकणारा रिकव्हरीची हमी देतो, पण अट खाली बारीक अक्षरांत असते: फीडमध्ये लोह इतकं, ॲल्युमिना इतक्याच्या आत, ओल आठ टक्क्यांच्या आत. टप्पा ६ चा तक्ता शेजारी ठेवा आणि तुमचा किती टक्के माल या चौकटीत बसतो ते मोजा. निम्माच बसत असेल तर हमी निम्म्या वर्षाची आहे. चौकट तुमच्या मालाप्रमाणे रुंद करून घ्या. तो तयार नसेल तर किंमत कमी होईल किंवा तो निघून जाईल, दोन्ही चालेल.

हमीच्या चाचणीत नमुना कोण घेणार, कुठून आणि कोणत्या मानकाने, वाद झाला तर तिसरी लॅब कोणती, हेही आधीच लिहा. आणि पंप, सायक्लोन, फिल्टरचे कापड यांचे पहिल्या दोन वर्षांचे सुटे भाग किमतीत धरलेत का बघा. परदेशी फिल्टरचं कापड संपलं की प्लांट बंद, ही तक्रार नवी नाही.

टप्पा ११: पहिले सहा महिने

सुरुवात सर्वांत सोप्या मालाने करा, आणि तो माल आधीपासून वेगळा रचून ठेवा. खाणवाला समोर येईल ते पाठवतो, त्याला यादी द्या. प्रत्येक पाळीत फीड, कॉन्सन्ट्रेट आणि टेलिंग्ज यांचा नमुना, ओल सकट. आठवड्याने तिन्हींचा ताळा जुळवा. दोन टक्क्यांहून जास्त फरक पडत असेल तर प्रक्रियेला हात लावण्याआधी बेल्टवरचा वजनकाटा आणि नमुना घेणारा माणूस तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि कोणी काय बदललं ते कंट्रोल रूमच्या वहीत तारीख-वेळेसकट लिहायला लावा. वही पेन्सिलीने लिहू देऊ नका.